साताऱ्यात दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा कुठे भरतात? एकटं जायला धीर होत नाहीये

अजिंक्यतारा८४
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. वय ४१, साताऱ्यातच राहतो, एमआयडीसीत नोकरीला आहे. पिणं सुरू होऊन वीस वर्षं झाली, आधी फक्त शनिवारी, मग सुट्टीच्या आदल्या रात्री, मग रोज, आणि शेवटची तीन वर्षं सकाळी उठल्या उठल्या, कारण घेतल्याशिवाय चहाचा कप ओठापर्यंत जायचा नाही इतका हात हलायचा.

दोन महिन्यांपूर्वी मुलीच्या शाळेत पालकसभा होती, तिथे मी घेऊन गेलो. मला वाटलं कुणाला कळणार नाही, बडीशेप खाल्ली होती. सभा संपली, ती गाडीवर मागे बसली, एरवी कमरेला हात घालून बसते, त्या दिवशी मागच्या कॅरिअरला धरून बसली. घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. नववीत आहे. कुणी शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, पण ते कॅरिअरला धरलेले हात आरशात दिसत होते ते अजून डोळ्यासमोरनं जात नाहीत.

त्यानंतर दवाखान्यात आठ दिवस अ‍ॅडमिट होतो. आज २३ दिवस झाले, एक थेंब नाही. डॉक्टर म्हणाले गोळ्या चालू ठेवा आणि एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्यांनी एकमेकांसाठी चालवलेले गट) मीटिंगला जायला लागा, नुसत्या गोळ्यांवर राहू नका. पण मीटिंग कुठे असते, कुणाला विचारायचं, तिथे नाव पत्ता कंपनी लिहून घेतात का, आणि सातारा म्हणजे केवढं, राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत गेलो तर दहा माणसं ओळखीची भेटतात, कुणी आत जाताना बघितलं आणि कंपनीत कळलं तर काय करू? अजून एक, मी देवाधर्माचं फार मानत नाही आणि तिथे प्रार्थना असते असं ऐकलंय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज, नुसते उपदेश घरी भरपूर ऐकून झालेत.

कृष्णाकाठ
दादा, आधी २३ दिवसांबद्दल अभिनंदन, पहिले २३ दिवस म्हणजे काय असतात ते मला माहितेय. मी सांगलीकडचा, २००९ पासून प्यायलेलो नाही आणि तेव्हापासून मीटिंगला जातोय, आता नोकरीमुळे कराडात असतो. जरा मोठं लिहितो, घाई करत नाही.

शोधायचं कसं ते सांगतो. एएचं भारताचं मुख्य ऑफिस मुंबईत आहे आणि त्यांच्या वेबसाइटवर गावानुसार मीटिंगची यादी असते. पण यादी बघून थेट तिथे जाऊ नका, कारण बहुतेक ग्रुप शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, नाहीतर दवाखान्याच्या खोलीत भरतात आणि परीक्षा आल्या, सुट्ट्या लागल्या की जागा नाहीतर वेळ बदलते. माणूस एवढा धीर करून गेला आणि दाराला कुलूप दिसलं तर सरळ बारमध्ये जातो, असं झालेलं मी पाहिलंय. म्हणून आधी फोन करा. 'मला दारू सोडायचीय, साताऱ्यात मीटिंग कुठे आहे' एवढं एक वाक्य बोललं तरी पुरे. जवळचा कुणीतरी मेंबर तुम्हाला उलट फोन करतो, बऱ्याचदा स्वतः घ्यायला पण येतो. ज्यांनी अ‍ॅडमिट केलं त्या डॉक्टरांना विचारा, सिव्हिलच्या मानसोपचार विभागात विचारा, त्यांच्याकडे ग्रुपवाल्यांचा नंबर बऱ्याचदा असतो. साताऱ्यातल्या एकाचा नंबर मी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय, त्यांना विचारून पाठवतोय. जागेचं नाव इथे उघड लिहीत नाही, शाळावाल्यांनी विश्वासानं खोली दिलेली असते.

आणि फोन करायला लाजू नका, कारण एए सुरूच एका फोनमुळे झालीय. १९३५ साली बिल नावाचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामाला अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात आला होता, सौदा फिसकटला, खिसा रिकामा, हॉटेलच्या लॉबीत उभा आणि शेजारच्या बारमधनं हसण्याचे आवाज येतायत. त्याला सोडून पाचच महिने झाले होते. त्यानं बारमध्ये जायच्या ऐवजी लॉबीतला फोन उचलला, चर्चच्या यादीतले नंबर फिरवत बसला, की या गावात माझ्यासारखा दुसरा कुणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. असं करत तो बॉब नावाच्या सर्जनपर्यंत पोचला. डॉक्टरसाहेब म्हणाले पंधरा मिनिटं देतो, आणि बसले ते कित्येक तास. त्या डॉक्टरांचा शेवटचा पेग १० जून १९३५ चा, तोच एएचा वाढदिवस धरतात. म्हणजे बघा, बिल कुणाला उपदेश करायला गेला नव्हता, स्वतः पिऊ नये म्हणून बोलायला माणूस शोधत होता. आम्ही आजही तेच करतो.

नाव पत्ता कोणी विचारत नाही. रजिस्टर नाही, हजेरी नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा आहे एवढीच अट. शेवटी एक थैली फिरते, तिच्यात ज्याला जमेल त्यानं दहा वीस टाकायचे, नाही टाकले तरी चालतं, त्यातनं चहा आणि खोलीचं भाडं निघतं. बाहेरच्या कुणाची देणगी घेतच नाहीत, आमदार आला तरी नाही. स्वतःचं फक्त पहिलं नाव सांगायचं आणि पाहिजे तर तेही नका सांगू. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नाही, नुसतं ऐका. काही मीटिंगा ओपन असतात, तिथे घरचं माणूस पण येऊ शकतं, आणि काही क्लोज्ड, फक्त आपल्या लोकांसाठी.

ओळखीच्या माणसांबद्दल. मी पहिल्यांदा सांगलीत गेलो तेव्हा फाटकापर्यंत जाऊन तीन वेळा परत आलो. एकदा तर आत दिवा दिसत होता, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता, तरी मागे फिरलो. चौथ्या वेळी एक गृहस्थ व्हरांड्यातनं एकटेच लांब बाकडं ओढत होते, मला बघून म्हणाले "पलीकडनं धरा की जरा." मी धरलं. बाकडं आत नेऊन ठेवलं तेव्हा कळलं की मी आत आलोय. समोर बघतो तर आमच्याच गल्लीतले निवृत्त मास्तर बसलेले! माझ्या पोटात गोळा आला. आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर तर मला बघून आनंद. तिथे जो कोणी तुम्हाला ओळखेल तो पण त्याच कारणासाठी आलेला असतो हे लक्षात घ्या. आणि दादा, रागावू नका, पण आपण पीत होतो ते गावाला माहिती नव्हतं असं फक्त आपल्यालाच वाटत असतं.

सिस्टर_मिरज
मी मिरजेला वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून फक्त एक गोष्ट सांगते, तुम्हाला नाही ताई-दादांनो, पुढे जे कोणी हा धागा वाचतील त्यांना. मूळ धागाकर्त्यांनी अ‍ॅडमिट होऊन सोडली हे फार बरं केलं. ज्यांना सकाळी उठल्यावर लागते, हात थरथरतात, घाम फुटतो, त्यांनी मीटिंगचा धागा वाचून जोशात येऊन घरच्या घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासात फिट येऊ शकते. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी माणूस बरळायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात, घरच्यांना वाटतं काहीतरी बाहेरचं झालंय आणि अंगारा आणायला पळतात. ते बाहेरचं नसतं, त्यात जीव जाऊ शकतो, लगेच दवाखान्यात आणा. आणल्यावर किती वर्षं आणि रोज किती हे खरं सांगा, बायका लाजेनं निम्मं सांगतात. डॉक्टरांना दारूची कल्पना असली की सलाईनच्या आधी बी१ व्हिटॅमिनचं इंजेक्शन देतात, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आणि ते 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' वाल्या पावडरी भाजीत मिसळू नका. त्यात काय असतं ते पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. दारूवर उलटणारं औषध डायसल्फिराम, ते डॉक्टर पेशंटला सांगून, कागदावर सही घेऊन देतात, कारण ते पोटात असताना माणूस प्यायला तर बीपी एकदम पडतं.

कोरेगावची_सून
सिस्टर, पावडरीचं मी केलंय. दोन वेळा. भीतीनं सांगते आज इथे.

माझे मिस्टर पितात, म्हणजे पीत होते, मधे परत एकदा प्यायले, आता सात महिने बंद आहे. आमच्या गावात बायकांनी मिळून मतदान करून बाटली आडवी केली होती, मी पण रांगेत उभी होते, निम्म्यापेक्षा जास्त बायकांची मतं आडव्या बाटलीला पडली आणि दुकान बंद झालं तेव्हा आम्ही गुलाल उधळलेला. दुकान बंद झालं ते चांगलंच झालं, पोरंटोरं वाचली, पण आमच्यात काय झालं, हे शेजारच्या गावात जायला लागले, रात्री मोटारसायकलवरनं यायचे आणि मी दारात बसून राहायची की कुठे पडले असतील. तेव्हा मला कळलं की दुकान बंद होतं पण माणसाच्या आतलं बंद होत नाही.

मग एका केंद्रात टाकलं, नाव घेत नाही. गाडी येऊन रात्री उचलून नेलं, तीन महिने भेटू दिलं नाही, आले तर पाठीवर वळ. आल्यावर चौथ्या दिवशी प्यायले, आणि मला म्हणाले तू मला तिथे टाकलंस. ते वाक्य मला अजून लागतं. कुणाला टाकायचं असेल तर आधी स्वतः जाऊन बघा, लायसन विचारा, मानसोपचारतज्ज्ञ येतो का, आठवड्याला भेटू देतात का विचारा. दार बाहेरनं बंद असेल तर परत फिरा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मीटिंग फक्त त्यांच्यासाठी नाही, घरच्यांची पण असते, अल-अ‍ॅनॉन म्हणतात, ते १९५१ पासून आहे आणि त्या बिलच्याच बायकोनं, लोइसनं, मैत्रिणीला घेऊन सुरू केलंय. पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांचा सहचरी गट आहे, मी पहिल्यांदा तिकडे गेले, एसटीला आता बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं. गोल करून बसलेल्या वीसेक बायका. एक म्हणाली मी रोज रात्री बाटलीवर पेनानं खूण करायचे किती कमी झाली बघायला, आणि मी जागच्या जागी रडायला लागले कारण माझ्या पर्समध्ये तेच पेन होतं. त्या दिवसापासून खुणा करायचं सोडलं. त्यांचं पिणं मी थांबवू शकत नाही, मी सुरू पण केलेलं नाही. हे समजायला मला अकरा वर्षं लागली.

दादा, तुमच्या मिसेसना पण कुणीतरी बोलायला लागेल. त्यांना सांगा.

माणदेशी
राग मानू नका पण आमच्या भागात लोकांनी माळ घालून सोडलीय. माझे चुलते आषाढी वारीला गेले, माळ घातली, तेव्हापासून बावीस वर्षं शिवलेले नाहीत. व्यसनमुक्त युवक संघाची, वारकऱ्यांची मंडळी गावोगाव फिरून तरुणांना हेच सांगतात. इंग्रजी नावाच्या मीटिंगची गरज काय? विठ्ठलाच्या पायाशी जा, सुटते.

कृष्णाकाठ
माणदेशी, तुमच्या चुलत्यांना माझा नमस्कार सांगा. माळेनं सुटलेली माणसं मी पण पाहिलीयत आणि वाद घालणार नाही, ज्याला ज्यानं सुटेल त्यानं सोडावी. पण चुलत्यांना एक विचारा, नुसती माळ होती का दर एकादशीला दिंडीतली मंडळी पण होती? माळ घातलेला माणूस भजनाला नाही आला तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी घरी येऊन विचारतं, बरं नाही का म्हणून. आमच्याकडे पण तेच आहे, दोन मीटिंगा चुकल्या की माझा स्पॉन्सर, म्हणजे मला सांभाळून घेणारा जुना मेंबर, फोन करतो. मी माळ घालून तोडलेला माणूस आहे. तोडल्यावर मला इतकी लाज वाटली की परत मंडळींत तोंड दाखवलं नाही आणि चार वर्षं अजून प्यायलो. मीटिंगमध्ये स्लिप झालेला, म्हणजे मधे परत प्यायलेला, परत आला तर कोणी काही बोलत नाही, त्याला आधी चहा देतात.

आणि देवाचं, धागाकर्ते दादा, तुम्ही विचारलेलं राहिलंच. एएच्या मार्गाच्या ज्या बारा पायऱ्या आहेत त्यांच्यामध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, खोटं बोलणार नाही, पण 'आम्हाला जसा समजला तसा' असं लिहिलंय. आमच्या ग्रुपात एकजण नास्तिक आहे, तो म्हणतो माझ्यासाठी हा ग्रुपच माझ्यापेक्षा मोठा आहे, एवढं मला पुरतं. प्रार्थना लहान आहे, बदलता येत नाही ते सोसायची शांती दे, बदलता येतं ते बदलायचं बळ दे, आणि दोन्हीतला फरक कळू दे. नाही म्हणावंसं वाटलं तर गप्प उभं राहा.

हळद_सांगली
प्रार्थनेचं अजिबातच नको असेल तर साताऱ्याच्या माणसाला लांब जायला नको. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम उभं करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर मूळ साताऱ्याचेच, व्यसनमुक्तीसाठी परिवर्तन ही संस्था त्यांनीच साताऱ्यात उभी केली आणि डॉ. हमीद दाभोलकर, ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, ते काम पुढे चालवतात. तिकडे चौकशी करा. एक केलं म्हणजे दुसरं करायचं नाही असं काही नसतं, माझा भाऊ गोळ्या, समुपदेशन आणि मीटिंग तिन्ही करतो.

रात्री अपरात्री तल्लफ आली आणि कुणाला फोन करावा कळेना तर १४४४६ ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. आणि मन फारच खचलं, जगू नये असं वाटलं तर १४४१६, टेली मानस, चोवीस तास, मराठीत बोलतात. भावानं एकदा रात्री अडीचला लावला होता.

अजिंक्यतारा८४
उशीरा लिहितोय, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद दोन तीनदा वाचले. ताई, तुमचा प्रतिसाद मिसेसला वाचून दाखवला, तिनं मोबाईल हातात घेतला आणि स्वतः परत वाचला, काही बोलली नाही, पण रात्री विचारलं की पुण्याची गाडी सकाळी किती वाजता असते.

कृष्णाकाठ काकांनी दिलेल्या नंबरवर फोन केला. तीनदा लावून कट केला, चौथ्यांदा तिकडनंच फोन आला, म्हणाले "तुम्हीच का ते, काल रात्री पण मिसकॉल होता, मी वाट बघत होतो." मी रडलोच फोनवर.

मंगळवारी गेलो. लहान मुलांचा वर्ग आहे, बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीला लागतात. फळ्यावर कोणीतरी दिवसा शिकवलेला सातचा पाढा तसाच होता, पुसला नव्हता. नऊ माणसं. एक रिक्षावाले, एक बँकेतले, एक कॉलेजचा मुलगा असेल बावीसचा, दोघं गवंडी. टेबलावर एक पाटी, इथे कोणाला पाहिलं आणि काय ऐकलं ते इथेच राहू द्या. प्रत्येकजण नाव सांगून मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि बाकीचे एका आवाजात त्याला नमस्कार करतात. मी बोलणार नव्हतो. पण गवंडीदादा म्हणाले, माझ्या पोरीनं शाळेत वडलांच्या नावापुढे कैलासवासी लिहिलं होतं, मी जिवंत असताना, बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली तेव्हा कळलं. हे ऐकलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं, मी कॅरिअरचं सांगितलं. कुणी काही सल्ला दिला नाही, कुणी च्च च्च केलं नाही. नुसतं ऐकलं. संपल्यावर रिक्षावाल्यांनी किटली माझ्या हातात दिली, म्हणाले पुढच्या वेळी चहा तुमच्याकडे, सहा वाजता या, साखर मी आणतो.

आणि हो, ओळखीचं निघालं एक. आमच्याच कंपनीतले, स्टोअरचे. त्यांची चार वर्षं झालीत, आणि मी त्यांना रोज गेटवर बघतो.

आठवड्यातनं एकच मीटिंग आहे हे जरा कमी पडतं. काका म्हणाले तसं बाकीच्या दिवशी मोबाईलवर ऑनलाइन मीटिंगला बसतो, गच्चीवर जाऊन. आणि पहिला पेग टाळायचा, तो पण फक्त आजच्या दिवसापुरता, एवढंच डोक्यात ठेवलंय. काल पगार झाला. पगाराच्या दिवशी नेहमीच्या बारवरनं जायचं टाळायला मुद्दाम गोडोलीकडनं वळसा घालून घरी आलो, वीस मिनिटं जास्त लागली. पगार पूर्ण घरी आला. ३७ दिवस.

कृष्णाकाठ
किटली मिळाली ना, आता सुटका नाही. उद्या आठ वाजता फोन करतो.

वासोटा_१९९१
धागा आजच सापडला. रहिमतपूरजवळ राहतो. मी ३४ चा आहे. अजून बंद केलेली नाही, रोज एक क्वार्टर, कधी दोन. सकाळी लागत नाही, हात हलत नाहीत, पण संध्याकाळी साडेसहा वाजले की डोक्यात दुसरं काही येत नाही. प्यायलेला माणूस मीटिंगला येऊ शकतो का? घरात कोणाला सांगितलेलं नाही. मला साताऱ्याचा पत्ता व्यनि कराल का कोणी.

अजिंक्यतारा८४
दादा, येऊ शकता. सोडायची इच्छा आहे एवढंच बघतात, मी परवाच ऐकून आलोय. त्या दिवशी जमलं तर न घेता या, आणि नाही जमलं तर तसेच या, पण मग गाडी चालवू नका, एसटीनं या. एकदा डॉक्टरांना पण दाखवून घ्या, सिस्टरनी वर काय लिहिलंय ते वाचा.

पत्ता पाठवलाय, पण तुम्ही शोधत बसू नका. मंगळवारी पावणेसहाला पोवई नाक्यावर उतरा, शिवतीर्थाच्या बाजूला थांबा, मी निळ्या हेल्मेटमध्ये असेन, हातात किटली असेल. तिथून बरोबर जाऊ.